गळा नडला की गोष्ट नडली?

हॉलिवूडच्या पहिल्यावहिल्या संगीत-बोलपटांची गोष्ट निघाली, की एक वाक्य हमखास कानावर पडते. ऑपेराचे नामांकित गवई तिकडे गेले खरे, पण पडद्यावर त्यांचे काही चालले नाही! मग कारणेही तयारच असतात. अंगाने स्थूल, अभिनयाने लाकडी, आणि गाणे असे की सामान्य प्रेक्षकाच्या डोक्यावरून जावे. हे बोलणारे लोक दोन पंथांचे असतात. पहिला पंथ सिनेमावाल्यांचा. 'लोकांना हलकेफुलकेच हवे असते' हा त्यांचा वेदमंत्र. दुसरा पंथ सोवळ्या रसिकांचा. थोर गायकाने पडद्यावर पाऊल टाकले की तो बाटला, असे त्यांना वाटते, आणि तो तिथे आपटला की आतून बरे वाटते. एरवी या दोन पंथांचे एकमेकांशी क्षणभर पटत नाही. पण सामान्य माणसाला चांगले गाणे पचत नाही, या एका मुद्द्यावर मात्र दोघे गळ्यात गळा घालतात.

मी काही संगीतशास्त्री नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर, आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिण्याचा उद्योग करणारा माणूस. पण गोष्ट कशी रचावी आणि ती कुठे फसते, एवढे मला कळते. आणि हा सारा खटला गळ्याचा नसून गोष्टीचा आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी अभिनयाचा आरोप घेऊ. ऑपेरा म्हणजे अथपासून इतिपर्यंत गायिले जाणारे नाटक. न्यूयॉर्कच्या जुन्या मेट्रोपॉलिटन नाट्यगृहात तीन हजारांहून अधिक प्रेक्षक बसत, आणि ध्वनिक्षेपकाची मदत न घेता शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवावा लागे. तिथली नटी हात उंचावून रडणार, हे उघडच आहे. पण म्हणून तिला अभिनय येत नाही? जेराल्डिन फॅरर ही त्या रंगभूमीची लाडकी गायिका. १९१५ साली सेसिल डी मिल याने तिला 'कारमेन' चित्रपटात घेतले. चित्रपट मूक! म्हणजे जिचा गळा ऐकायला लोक झुंबड करत, तिला तोंड मिटून उभे केले. आणि गंमत अशी की ती गाजली. पुढच्याच वर्षी 'जोन द वुमन' या भव्य चित्रपटात तिने जोन ऑफ आर्क साकारली. गळ्याची कुबडी काढून घेतल्यावरही जी बाई पडदा व्यापते, ती अभिनयात लाकडी कशी?

कारुसोचे मात्र उलटे झाले. एन्रिको कारुसो म्हणजे त्या काळी गाण्याचा दुसरा अर्थच. १९१८ साली त्याला 'माय कझिन' या चित्रपटात दुहेरी भूमिका दिली: एक गरीब मूर्तिकार, आणि दुसरा त्याचा नामांकित गवई असलेला नातलग. हाही मूकपटच. चित्रपट आपटला, आणि त्याच्यापाठोपाठ तयार झालेला दुसरा चित्रपट अमेरिकेत दाखवण्याचे धाडसही कोणी केले नाही. लगेच निष्कर्ष निघाला, की गवयाला पडद्यावर किंमत नाही. अहो, हापूसची पेटी आणून तिला कुलूप ठोकायचे, पाहुण्यांना नुसते लाकूड दाखवायचे, आणि मग म्हणायचे की पाहुण्यांना आंबा आवडला नाही! हा कुठला न्याय?

पेटीचे कुलूप निघाले ते ६ ऑगस्ट १९२६ रोजी. बोलपटाचा आरंभ 'द जॅझ सिंगर'पासून झाला, असे आपण सर्रास म्हणतो. पण तो चित्रपट १९२७ च्या ऑक्टोबरातला. त्याच्या चौदा महिने आधी वॉर्नर बंधूंनी न्यूयॉर्कच्या आपल्या चित्रगृहात 'डॉन वॉन' हा चित्रपट लावला, आणि त्याच्या आधी काही छोटे सवाक् चित्रपट दाखवले. आवाज मोठ्या तबकडीवर मुद्रित केलेला, आणि ती तबकडी प्रक्षेपणयंत्राच्या गतीशी जखडलेली. याचे नाव व्हायटाफोन. त्या रात्री टेनर जिओव्हानी मार्टिनेल्ली याने 'पाग्लियाची'मधल्या विदूषकाचे गाणे म्हटले. बायकोची बेइमानी नुकतीच कळलेला नट. आत काळीज फाटलेले, आणि बाहेर प्रेक्षकांना हसवण्यासाठी तोंडाला रंग फासायचा. प्रसंग एवढाच. त्या सायंकाळची सर्वांत मोठी दाद ज्या गाण्यांना मिळाली, त्यांत हे अग्रभागी होते. जिथे यंत्राने माणसाचा आवाज पहिल्यांदा एवढ्या सामर्थ्याने फेकला, तिथे तो आवाज ऑपेराच्या गवयाचा होता. सिनेमावाले हे विसरले. रसिकांना आठवण ठेवण्याची गरजच वाटली नाही.

त्याच कार्यक्रमात मॅरियन टॅली ही एकोणीस वर्षांची मुलगीही गायिली. तिच्यावर टीका झाली, आणि ती खोटी नव्हती. कॅमेरा जवळ नेला होता, मुद्रा ताणलेली दिसत होती. उंच पट्टीतला सूर लावताना माणसाच्या गळ्याच्या शिरा दिसणारच. लांबून त्या दिसत नाहीत, जवळून दिसतात. पण ही अडचण यंत्राची होती, आणि यंत्रवाल्यांनी ती थोड्याच वर्षांत सोडवली. गाणे आधी मुद्रित करायचे आणि चित्रण करताना त्यावर ओठ हलवायचे, ही आपल्याला आज घरच्यासारखी वाटणारी युक्ती त्याच काळात रूढ झाली. म्हणजे १९३० नंतर शिरांची सबब संपली.

आता लॉरेन्स टिबेट. कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डचा हा गडी. बाप गुन्हेगारांच्या पाठलागात गोळी लागून मेलेला पोलीस अधिकारी. मेट्रोपॉलिटनमध्ये १९२५ च्या जानेवारीत 'फॉल्स्टाफ'मधल्या दुय्यम भूमिकेत त्याने असा रंग भरला, की प्रेक्षकांनी टाळ्यांच्या कडकडाटात खेळ थोपवून धरला. एम.जी.एम.ने त्याला 'द रोग साँग'मध्ये (१९३०) डाकूंचा म्होरक्या केले. उंचापुरा, देखणा, खडा आवाज. त्या वर्षी उत्कृष्ट अभिनेत्याच्या ऑस्करसाठी त्याचे नाव गेले होते. अभिनयासाठी, गाण्यासाठी नव्हे! पण स्टुडिओला आपल्याच गवयाचा भरवसा नव्हता. चित्रपट बराचसा तयार झाल्यावर त्यांनी लॉरेल आणि हार्डी या विनोदी जोडगोळीचे प्रसंग मागाहून त्यात घुसडले. पूर्ण स्वरूपात तो चित्रपट आज उपलब्ध नाही. काही तुकडे हाती आहेत. पण त्याच्या आवाजाच्या तबकड्या शाबूत आहेत, आणि टिबेट त्यांत आजही खणखणीत गातो.

पुढे एकाच वर्षात संगीतपटांचा असा पूर आला, की लोकांना वीट आला. त्यात ऑपेराचे किती? मूठभर. बाकीचे नाचऱ्या मुलींचे नि उथळ गाण्यांचे. पण खापर फुटले ते गवयांच्या डोक्यावर. ग्रेस मूर हिचे १९३० मधले 'अ लेडीज मॉरल्स' आणि टिबेटबरोबरचे 'न्यू मून' पडले, आणि एम.जी.एम.ने तिला निरोप दिला. तिच्या वजनाबद्दल तिथे बरीच कुरबुर झाली होती. चार वर्षांनी कोलंबिया नावाच्या, तेव्हा दुय्यमच गणल्या जाणाऱ्या स्टुडिओने तिला 'वन नाइट ऑफ लव्ह'मध्ये उभे केले. दिग्दर्शक व्हिक्टर शर्टझिंगर स्वतः संगीतकार. त्याने गाणी कात्री न लावता गाऊ दिली. शेवटी 'मादाम बटरफ्लाय'मधले, परत न येणाऱ्या नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बाईचे गाणे ठेवले. चित्रपट तुफान चालला. ध्वनिमुद्रण आणि संगीत यांची ऑस्कर पारितोषिके त्याला मिळाली, आणि उत्कृष्ट अभिनेत्रीसाठी मूरचे नाव गेले. १९३४ साली अमेरिकेत मंदीचे दिवस होते. खिशातले थोडके पैसे मोजून चित्रगृहात जाणारे हे प्रेक्षक कोण होते? बँकांचे मालक? ते तर मेट्रोपॉलिटनच्या खास कक्षांत बसत. तिकीट काढणारी होती टायपिस्ट मुलगी, दुकानातला कारकून, आठवड्याची मजुरी घरी नेणारा गिरणीवाला. डोक्यावरून जाणारे गाणे त्यांच्या काळजातून गेले. आता यावर आमचे दोन्ही पंथ काय म्हणतात?

ते काही म्हणत नाहीत. पुढचे दाखवतात. आणि पुढे, मान्य करायला हवे, मोठी दैना झाली. मूरचे यश पाहून प्रत्येक स्टुडिओने एकेक गवई धरून आणला. आर.के.ओ.ने लिली पॉन्स, पॅरामाउंटने ग्लॅडिस स्वार्थाउट, फॉक्सने टिबेट आणि निनो मार्टिनी. पण त्यांच्यासाठी गोष्ट कोणी लिहिली? लिली पॉन्सचेच पाहा. फुलपाखरासारखी चणीने लहान बाई, आणि गळा असा की बासरीने शरमावे. 'स्थूलपणा'चा आरोप तिच्यावर करून दाखवा! 'आय ड्रीम टू मच'मध्ये (१९३५) ती एका ऑपेरा-रचनाकाराची बायको होते. नवऱ्याचा ऑपेरा कोणी घेत नाही. मग ही काय करते? त्या ऑपेराचे हलकेफुलके संगीत-नाटक करून टाकते, आणि तो धो धो चालतो! म्हणजे ऑपेराच्या राणीला पैसे मोजून आणायचे, आणि तिच्याच तोंडून वदवायचे की ऑपेरा टाकाऊ आहे. दोन वर्षांनी 'हिटिंग अ न्यू हाय'मध्ये तर तिला पिसे लावून आफ्रिकेच्या जंगलात सापडलेली पक्षी-कन्या बनवली. ज्या गळ्याने 'लुचिया'तला वेडाचा प्रसंग गाऊन न्यूयॉर्क जिंकले, त्याने जंगलात किलबिल करायची. तो तिचा हॉलिवूडमधला त्या काळचा शेवटचा चित्रपट ठरला, यात नवल ते काय! स्वार्थाउटबाईंची कथा आणखी न्यारी. देखणी, सुडौल बाई. पॅरामाउंटने तिला पाच चित्रपट दिले, आणि शेवटच्या 'अँबुश'मध्ये (१९३९) गाणेच ठेवले नाही. पुन्हा आंब्याच्या पेटीला कुलूप!

१९३८ च्या 'द बिग ब्रॉडकास्ट'मध्ये कर्स्टन फ्लॅगस्टाड आली. वाग्नरच्या वीरनायिका गाणारी तिच्या काळची सर्वश्रेष्ठ गायिका. हातात भाला, डोक्याला शिरस्त्राण, एक रणगर्जना, आणि संपले. तिच्या अलीकडे-पलीकडे डब्ल्यू. सी. फील्ड्सचे विनोद. सर्कशीत दोन विदूषकांमध्ये हत्ती आणून फिरवावा, तसे. हत्तीला चालता येत नाही असे मग कोणी म्हणू नये.

याउलट मार्क्स बंधूंचा 'अ नाइट ॲट द ऑपेरा' (१९३५) पाहा. हा तर ऑपेराची उघड टवाळी करणारा चित्रपट म्हणून प्रसिद्ध. 'इल त्रोव्हातोरे'चा पार धुव्वा उडवतात. पण टवाळी कुणाची, ते पाहिले आहे का? ऐटबाज आश्रयदात्यांची, फुगलेल्या व्यवस्थापकाची, उद्दाम नायक-गायकाची. शेवटी जेव्हा खरे दोन गाणारे उभे राहतात, तेव्हा हे भांडकुदळ भाऊ चूप होतात आणि गाणे सरळपणे ऐकू येते. त्या विदूषकांना जे कळले, ते स्टुडिओच्या शहाण्यांना कळले नाही.

आपल्याकडेही हाच वाद त्याच साली झाला होता. १९३५ मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा'त शांतारामांनी बालगंधर्वांना संत एकनाथ केले. उभा जन्म शालू नेसून ज्यांनी महाराष्ट्राला वेड लावले, त्यांना पुरुषवेष! बालगंधर्व पुन्हा रंगभूमीकडे वळले, आणि आमचे सोवळे रसिक आजही मान डोलावून सांगतात, की सिनेमा हे गंधर्वांचे काम नव्हे. पण त्याआधी तीनच वर्षे 'अयोध्येचा राजा'त गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र झाले होते, संगीतही त्यांचेच होते. त्यांचे नाव या वादात कोणी काढत नाही. सोयीचे नसते ना!

सामान्य माणसाचा कान कसा असतो, याचा एक हिशेब मात्र मेट्रोपॉलिटनच्याच दप्तरात आहे. १९३१ च्या नाताळात तिथला अख्खा ऑपेरा रेडिओवरून पहिल्यांदा प्रक्षेपित झाला. मग शनिवारी दुपारी शेतावरच्या घराघरांतून तो ऐकू येऊ लागला. १९४० साली आपली इमारत विकत घेण्यासाठी संस्थेने दहा लाख डॉलरांची हाक दिली, तेव्हा त्यातला मोठा वाटा रेडिओच्या श्रोत्यांनी लहान लहान रकमांनी भरला. ज्यांनी ते नाट्यगृह डोळ्यांनी पाहिले नव्हते, त्यांनी! आणि २००६ च्या डिसेंबरपासून हीच संस्था आपले खेळ जगभरच्या चित्रगृहांच्या पडद्यावर थेट दाखवते. पडद्याने बाटणारे गाणे पडद्यावरच जाऊन बसले.

मला या सगळ्याचा एवढा राग का येतो, असे घरचे विचारतात. तर सांगतो. दरवर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनाची बैठक होते, आणि दरवर्षी कोणीतरी म्हणतो, 'नाट्यगीत नको, अभंगही पुरे झाला. पालकांना काय कळते?' हे पालक म्हणजे भल्या पहाटे उठून भाजी बाजारात नेणारी माणसे. त्यांच्या घरी वडिलांच्या वेळेपासून भजन आहे, टाळ आहेत, एकादशीला रात्र रात्र जागणे आहे. त्यांना काय कळते हे ठरवणाऱ्याने त्यांना कधी विचारलेले नसते. मार्टिनेल्लीची ती तीन-चार मिनिटांची फीत आता घरबसल्या पाहता येते. गेल्या महिन्यात ती मी नववीच्या वर्गाला दाखवली. विदूषकाचे ढगळ कपडे पाहून पोरे आधी खदखदा हसली. शब्द इटालियन, एक अक्षर कुणाला कळले नाही. गाणे संपल्यावर मागच्या बाकावरच्या पोराने एवढेच विचारले, "गुरुजी, त्याचं कोण गेलं?"

यंदाच्या संमेलनात नाट्यगीत आहे. बैठकीत एक मत विरुद्ध पडले. ते कुणाचे, ते लिहीत नाही.