घरची बियर आणि कायद्याचा तराजू

भिवंडी हे यंत्रमागांचे आणि अलीकडच्या काळात गोदामांचे गाव म्हणून ओळखले जाते. कल्याण रस्त्यावरील धामणकर नाक्यावर ही दोन्ही रूपे एकाच वेळी नजरेस पडतात. कापडाच्या ताग्यांनी भरलेले टेम्पो आणि देशभर घरपोच माल पोहोचविणारी वाहने तेथे एकाच कोंडीत अडकलेली असतात. या वाहनांतील एखाद्या खोक्यात सातूचे माल्ट, हॉप्सची फुले आणि यीस्टची पाकिटे असली तर नवल वाटावयास नको. घरच्या घरी बियर करून पाहण्याचा छंद आपल्या शहरांतील सुशिक्षित तरुणांना लागला आहे. हा छंद चांगला की वाईट, हा वेगळा वाद आहे. पण त्याच्या निमित्ताने आपल्या दारूबंदीच्या कायद्यातील एक जुनी विसंगती उघडी पडते आणि तिचा विचार करणे आवश्यक आहे.

तयार अर्क पाण्यात कालवून बियर करणे सोपे असते. अख्ख्या धान्यापासून पहिली बियर करणे हे खरे कसोटीचे काम. सातू भिजवून, मोड आणून आणि वाळवून केलेले माल्ट भरडावयाचे आणि ६५ ते ६८ अंश सेल्सियसच्या पाण्यात सुमारे तासभर ठेवावयाचे. तेवढ्या अवधीत धान्यातील विकरे पिष्टाची साखर करतात. पाणी फार तापले तर विकरे निकामी होतात, थंड राहिले तर काम अर्धवट राहते. नंतर गाळून घेतलेले गोड पाणी हॉप्ससह उकळून झपाट्याने थंड करावयाचे व त्यात यीस्ट सोडावयाचे. या कामाच्या बहुतेक यीस्टना वीस अंशांच्या आसपासचे तापमान मानवते आणि भिवंडीच्या उन्हाळ्यात ते साधणे कठीण. भांडे जरा अस्वच्छ राहिले की पंधरा दिवसांची मेहनत आंबून फुकट जाते. विज्ञानाच्या शिक्षकाला यात जीवरसायनशास्त्राचा एक उत्तम धडा दिसेल. घरोघरी दही लावणाऱ्या आणि इडलीचे पीठ आंबविणाऱ्या गृहिणीलाही यातील तत्त्व अपरिचित नाही.

तथापि १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या दृष्टीने हा धडा गुन्हा आहे. महाराष्ट्रात परवान्यावाचून मद्य तयार करता येत नाही. इतकेच नव्हे, तर कागदोपत्री मद्य पिण्यासही परवाना लागतो. पुण्यात २००९ मध्ये उपाहारगृहातच ताजी बियर बनवून देण्याचा व्यवसाय सुरू झाला. शासनाने तो परवान्याने आणि शुल्काने नियमित केला. म्हणजे धान्यापासून बियर करण्याच्या क्रियेत शासनाला मुळात पाप दिसत नाही. विकण्यासाठी हजारो लिटर करणाऱ्यास मार्ग आहे. स्वतःपुरती वीस लिटर करणाऱ्यास मात्र तो नाही.

या विसंगतीचे मूळ नीतीपेक्षा महसुलात अधिक आहे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्यनिर्मितीची सूत्रे सरकारच्या आणि मक्तेदारांच्या हाती गेली. १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांविषयी स्वतंत्र कायदा झाला. भिवंडी तालुका ठाणे जिल्ह्यातलाच. रानातली फुले वेचून घरात ठेवणे हेसुद्धा सरकारी नियंत्रणाखाली आले. परकीय सरकारला प्रजेच्या व्यसनाची चिंता होती असे म्हणणे धाडसाचे ठरेल. चिंता होती ती बुडणाऱ्या कराची. स्वातंत्र्यानंतर दारूबंदीला गांधीजींच्या विचारांचे अधिष्ठान लाभले, परंतु घरातील भांडे आणि व्यापाऱ्याची भट्टी यांना एकाच मापाने मोजण्याची जुनी सवय सुटली नाही.

लोकांचे प्राण वाचविण्यासाठी अशी कठोरता हवी, असा युक्तिवाद केला जातो. तो तपासून पाहावयास हवा. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक गरिबांचे बळी घेतले. ते बळी धान्य आंबविल्यामुळे गेले नव्हते. मिथेनॉल या औद्योगिक विषामुळे गेले होते. आंबविलेल्या सातूत असे प्राणघातक प्रमाण निर्माण होत नाही. ज्या विषाची वाहतूक आणि साठा यांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावयाचे, ते विष वस्त्यांपर्यंत पोहोचते आणि कायद्याचा धाक मात्र घरातल्या पातेल्याला राहतो, हे अग्रक्रम उलटे आहेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दारूने उद्ध्वस्त झालेले संसार भिवंडीच्या यंत्रमाग वस्त्यांत शोधावे लागत नाहीत. गावोगावच्या स्त्रियांनी मतदान करून बाटली आडवी केली, तिच्यामागे भोगलेल्या दुःखाचा इतिहास आहे. घरगुती निर्मितीला मोकळीक दिली तर तिच्या आडून चोरटी विक्री बोकाळेल, ही त्यांची भीती निराधार नाही. म्हणून सवलत द्यावयाची तर ती मर्यादित हवी. ब्रिटनने १९६३ मध्ये घरच्या बियरसाठी लागणारा परवाना रद्द केला. अमेरिकेने १९७८ मध्ये संघराज्याच्या कायद्याने वार्षिक प्रमाण ठरवून अशी निर्मिती करमुक्त केली. दोन्ही ठिकाणी सवलत स्वतःच्या वापरापुरती होती. विक्रीला ती लागू नव्हती. आपल्याकडेही प्रमाण, वय आणि विक्रीबंदी या तीन अटी घालता येतील आणि विक्री करणाऱ्यास आजच्याहून कडक शिक्षा देता येईल.

मात्र येथे एक सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे. आंबविण्यास परवानगी आणि गाळण्यास बंदी, एवढीच रेषा आखली तर सदनिकेतला हौशी तरुण सुटेल आणि पाड्यावर मोहाची दारू गाळणारी आदिवासी स्त्री गुन्हेगारच राहील. आजही कायदा एक असला तरी त्याचा काच सारखा नाही. बंद दाराआडच्या छंदाचा वास कोणाला येत नाही. पाड्यावरच्या चुलीचा धूर मात्र दुरून दिसतो. भिवंडी तालुक्यातील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तेथे मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांचे नियमन करण्याचा अधिकार ग्रामसभेला असावा, असे १९९६ चा पेसा कायदा सांगतो. गाळलेल्या दारूचे धोके अधिक असल्याने तिच्याविषयीचा निर्णय त्या गावानेच, आणि विशेषतः गावातील स्त्रियांच्या मताने घ्यावा. तो बंदीचा झाला तरी शासनाने मान राखावा आणि नियमनाचा झाला तरीही.

धामणकर नाक्यावरच्या तरुणाची वीस लिटर बियर हा समाजापुढचा मोठा प्रश्न नव्हे. जो कायदा लाखो लोक सहज मोडतात आणि जो मोडल्याची शिक्षा बहुधा दुर्बलालाच भोगावी लागते, त्या कायद्याची प्रतिष्ठा टिकत नाही, हा खरा प्रश्न आहे. शासनाने विष आणि पेय, व्यापार आणि घर यांतील भेद कायद्यात स्पष्टपणे लिहावा, आणि तो लिहिताना शहराला एक न्याय व पाड्याला दुसरा, असे होऊ देऊ नये.