बोट बंद पडली की आधी टाकीचा तळ बघा

३१ जुलैला मासेमारीबंदी संपतेय. भाईंदर, उत्तन, वसईकडे बोटींची डागडुजी सुरू आहे. रंग काढून झाला, जाळी विणून झाली. आणि दरवर्षीप्रमाणे पहिल्याच फेरीत चार-दोन बोटी खाडीच्या तोंडाशी बंद पडणार, त्यांना दोरी लावून ओढून आणणार आणि गावभर एकच वाक्य फिरणार, "इंजिन गेलं."

मंडळी, इंजिन बहुतेक वेळा गेलेलं नसतं. त्याला डिझेल मिळत नसतं. या दोन गोष्टींत हजारो रुपयांचा फरक आहे आणि वेळ वाईट असली तर जिवाचाही.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मी एका कोळी मित्राच्या बोटीतून भाईंदरहून कोलशेतकडे येत होतो. आत बसवलेलं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन. जेट्टीवर सुरू केलं तेव्हा छान टुकटुक चालू. वरसावे पुलाच्या अलीकडे ओहोटीचं पाणी समोरून लागलं, मित्राने रेस वाढवली आणि इंजिन हापसायला लागलं. वर-खाली, वर-खाली, मग गप्प. पुलाचा खांब पुढ्यात, पण पाणी आम्हाला मागे नेत होतं म्हणून वाचलो. भरती असती तर सरळ खांबावर. नांगर टाकला, तो दुसऱ्या वेळी धरला.

गावात परतल्यावर मेकॅनिक आला, पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, पंप खोलावा लागेल. पंप म्हणजे इंजेक्शन पंप. खर्च पाच आकडी. मित्र हो म्हणणारच होता. तेवढ्यात त्याचे काका, आयुष्य तांडेल म्हणून गेलेला माणूस, म्हणाले, "आधी टाकीच्या खालचं काढ बाटलीत." काचेच्या बाटलीत टाकीच्या तळाचं डिझेल काढलं. खाली बोटभर पाणी, त्याच्यावर काळसर चिखलासारखा थर, वर डिझेल.

हे होतं कसं? जून-जुलै बोट किनाऱ्यावर, टाकी अर्धी. दमट हवा आत जाते, टाकीच्या आतल्या बाजूला घाम धरतो, थेंब खाली उतरतात. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे बारीक जीवजंतू वाढतात, त्यांचा गाळ होतो. किनाऱ्यावर तो शांत असतो. १ ऑगस्टला पहिली लाट लागली की टाकी ढवळून निघते आणि सगळा गाळ फिल्टरमध्ये जातो. जेट्टीवर इंजिन चालतं कारण रिकाम्या रेसला डिझेल थोडंच लागतं, अर्धा तुंबलेला फिल्टरही तेवढं देतो. ताण आला की देत नाही. म्हणून "जेट्टीवर ठीक, खाडीत बंद" हे ऐकलं की नव्वद टक्के वेळा मी तरी पंपाकडे बघणार नाही. (हे नव्वद टक्के माझे, कुठल्या अहवालातले नाहीत.)

काकांनी पुढे जे केलं ते मी वहीत लिहून घेतलं. आधी टाकीचं झाकण सैल केलं. टाकीला श्वास घ्यायची बारीक नळी असते. तिच्या तोंडात मीठ, रंग, कधी कुंभारीण माशीचं मातीचं घर. नळी बंद तर टाकीत पोकळी तयार होते आणि डिझेल पुढे येत नाही. झाकण उघडताच सूं आवाज आला आणि इंजिन सुधारलं तर दुखणं सापडलं. आमचं ते नव्हतं. मग स्वच्छ डिझेलचा कॅन घेतला, नवीन नळी थेट फीड पंपाला जोडली, परतीची नळीही कॅनमध्येच सोडली. बोट बांधलेलीच ठेवून गियर टाकला, रेस दिली. इंजिन वाघासारखं. म्हणजे पंप, नोझल ठणठणीत, घोटाळा टाकी ते फीड पंप या वाटेत. एका कॅनने पाच आकडी खर्च वाचला.

मग टाकी धुतली, दोन्ही फिल्टर बदलले, एअर काढली. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, फीड पंपाचा हात मारत राहायचं, बुडबुडे संपून नुसतं डिझेल आलं की घट्ट. एअर पुन्हा पुन्हा पकडत असेल तर टाकीकडच्या नळ्या आणि क्लिपा बघा. त्या बाजूला डिझेल ओढलं जातं, त्यामुळे तिथली भेग बाहेर गळत नाही, आत हवा घेते. लोक ओलं कुठे दिसतंय ते शोधत बसतात आणि सगळं कोरडं असतं.

काही जण हल्ली याचंही खापर इथेनॉलवर फोडतात. इथेनॉल पेट्रोलमध्ये आहे. बाहेर लटकवलेल्या पेट्रोल मशीनवाल्यांनी जरूर काळजी करावी, आतल्या डिझेल इंजिनाचं पाणी वेगळ्या वाटेने आलंय.

आता हे सगळं मी ठाणे-कल्याण-डोंबिवलीकरांना का सांगतोय? कारण वसईची खाडी आणि उल्हास नदी मिळून आपल्याकडे राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ आहे. २०१६ च्या कायद्याने जाहीर झाला, लांबी १४५ किलोमीटर. भाईंदर, कोलशेत, काल्हेर, डोंबिवली अशा जेट्ट्यांची नावं आपण इतक्या वर्षांत इतक्यांदा छापली की पाठ झालीत. भूमिपूजन, नारळ, फीत, तिकीट किती, घोडबंदर रोडची कोंडी किती सुटणार, सगळं छापलं. बोटी डिझेल कुठे भरणार, हे एकदाही विचारलं नाही. मीही नाही.

आज खाडीच्या आतल्या भागात बरंचसं डिझेल कॅनमधून येतं. पंपावरून रिक्षात, रिक्षातून जेट्टीवर, पावसात झाकण उघडून टाकीत. मच्छीमार एका दिवसाची मासळी गमावून गप्प बसतो. उद्या त्याच पद्धतीने चालणाऱ्या बोटीत ऑफिसला निघालेले साठ प्रवासी असतील, समोर पुलाचे खांब असतील आणि भरतीचं पाणी पाठीमागून रेटत असेल.

"विजेवर चालणाऱ्या बोटी येतील की," असं एका अधिकाऱ्याने मला ऐकवलं. कोचीत २०२३ पासून वॉटर मेट्रो धावतेय, तशा आल्या तर आनंदच. पण डिझेलची एक जरी बोट प्रवासी नेणार असेल, तर माझ्या मागण्या साध्या आहेत. तळाचं पाणी दिसेल असा पारदर्शक वाटीचा फिल्टर. दोन फिल्टर शेजारी-शेजारी, एक तुंबला की चालत्या इंजिनात कॉक फिरवून दुसऱ्यावर जाता येईल असे. जेट्टीवर छपराखाली डिझेल भरायची सोय. पेट्रोल पंपवाले टाकी मोजायच्या काठीला पाणी ओळखणारी पेस्ट लावतात, तीच रोज सकाळी बोटीच्या टाकीत. आणि हे कोणी, कधी तपासलं त्याची सहीनिशी वही, प्रवाशाने मागितली तर दाखवायची. जेट्टीच्या खर्चापुढे हा खर्च म्हणजे वडापाव.

निविदा निघेल तेव्हा अटी वाचायला मी बसणार आहे. तुमच्यापैकी कोणी मरीन डिझेलवर काम केलं असेल तर सोबत या, मला नुसतं ऐकून शिकलेलं येतं.

मित्राची टाकी परवाच रिकामी केली. यंदा त्याने मे अखेरीला ती काठोकाठ भरून ठेवली होती, घाम धरायला जागाच नको म्हणून. तळाचं काढलं तर पाणी निघालं चमचाभर. काकांनी बाटली उन्हात धरून बघितली आणि म्हणाले, "तरी फिल्टर बदल."