मोटारीतला पाहुणा आणि किनाऱ्यावरचे यजमान

दिवाळीची सुटी लागली, की मुंबई-पुण्याकडून कोकणच्या दिशेने मोटारींची रीघ लागते. पूर्वी या वाटेने जाणारा माणूस बहुधा चाकरमानी असे. शिमग्याला किंवा गणपतीला तो जाई, ते स्वतःच्या घरी. आता जाणारे कुटुंब अनेकदा कोकणातले नसतेच. पतिपत्नी, दोन मुले, क्वचित आजी, हप्त्यांवर घेतलेली मोटार आणि चार दिवसांची रजा, एवढी त्याची सामग्री. अलिबागहून निघावे, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर करीत दापोली-गुहागर गाठावे आणि गणपतीपुळ्याचे दर्शन घेऊन परतावे, हा क्रम आता शिक्षकांच्या आणि कारकुनांच्या घरांतही रूढ झाला आहे. त्याकडे निव्वळ हौस म्हणून पाहिले जाते. वस्तुतः एका प्रदेशाच्या अर्थव्यवस्थेत त्यामुळे मोठा पालट घडत आहे.

कोकणच्या खेड्यांची अर्थव्यवस्था दीर्घकाळ मनिऑर्डरीवर चालली. मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या मुलाने पाठवलेल्या पैशावर गावाकडचे घर शाकारले जाई आणि बहिणीचे लग्न उरके. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचा हा ओघ आटू लागला. आंबा, मासळी, नारळ आणि सुपारी ही उत्पन्नाची जुनी साधने राहिली. पण ती निसर्गाच्या लहरीवर अवलंबून. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यातील वाड्यांची जी वाताहत केली, ती एकदोन हंगामांत भरून निघणारी नव्हती. रोठा सुपारीचे झाड आज लावले, तर फळ धरायला कित्येक वर्षे जातात. अशा वेळी माजघराशेजारच्या दोन खोल्या पाहुण्यांना देऊन मिळणारे भाडे हे अनेक वाडीवाल्यांचे हक्काचे उत्पन्न ठरते. मनिऑर्डर आता पोस्टमनच्या पिशवीतून नव्हे, मोटारीत बसून येते, असे म्हणता येईल.

मात्र पैसा गावात येणे आणि गावात राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. चार दिवसांच्या सहलीतला पेट्रोलचा खर्च किनाऱ्याला काहीच देत नाही. बाहेरच्या भांडवलदाराने बांधलेल्या आलिशान निवासात कुटुंब उतरले, तर गावाच्या वाट्याला झाडलोट करणाऱ्याची मजुरी आणि चौकीदाराचा पगार येतो. नफा, व्याज आणि खरेदी हे सारे शहराकडे परतते. याउलट तेच कुटुंब एखाद्या घरगुती खानावळीत जेवले, तर मासळी हर्णैच्या लिलावातली, नारळ परसातला, आणि निघताना घेतलेली आंबापोळी व कोकमे शेजारणीच्या घरची असतात. तोच रुपया गावात तीन-चार हातांतून फिरतो. मंडणगड तालुक्यातील वेळासचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तेथे २००२ पासून समुद्री कासवांच्या घरट्यांचे संरक्षण सुरू झाले. पिले समुद्रात जाताना पाहण्यासाठी लोक येऊ लागले आणि त्यांची सोय मोठ्या हॉटेलात नव्हे, गावकऱ्यांच्या घरांत झाली. ज्या अंड्यांची पूर्वी चोरी होई, ती राखण्यात गावाचे हित आहे, हे कोणाला पटवून द्यावे लागले नाही.

या पार्श्वभूमीवर रेवस ते रेडी या सागरी महामार्गाकडे पाहिले पाहिजे. बॅ. अंतुले यांच्या कारकिर्दीपासून चर्चेत असलेली ही योजना चार दशके तुकड्यातुकड्यांनी चालली आहे. अडचण खाड्यांची. राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड अशी एकेक खाडी आडवी येते आणि मोटार 'जंगलजेटी'वर चढवून पलीकडे न्यावी लागते. पुलांची मागणी शहरी प्रवासी करतो ती वेळ वाचावा म्हणून. गावकऱ्यांची मागणी त्याहून जुनी आणि अधिक न्याय्य आहे. रात्री बाळंतीण अडली, तर बोट नसते आणि वळसा घ्यायचा तर तास मोडतात. पूल हवेतच, आणि ते मजबूत हवेत; महाडजवळचा सावित्रीवरील पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला, ही आठवण बुजलेली नाही. प्रश्न पुलांचा नसून रुंदीचा आणि आखणीचा आहे. भरधाव जाता यावे अशा रीतीने गावांना वळसा घालून रस्ता काढला, तर पाहुणा मधल्या दहा गावांत थांबणार नाही. तो थेट शेवटच्या मोठ्या हॉटेलात उतरेल. रस्त्याची वार्ता येताच जमिनींचे दलाल गावोगाव हिंडू लागतात, हाही अनुभव नवा नाही. सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे असलेली सामाईक जमीन सहज विकली जात नाही, याबद्दल कोकणी माणसाची चेष्टा होते खरी. पण पुष्कळ गावांचा किनारा त्या भाऊबंदकीनेच आजवर राखला आहे.

दुसरी बाजू खर्चाची. कोकणात पाऊस धो धो पडतो, परंतु जांभ्या दगडातून पाणी झिरपून जाते आणि मे महिन्यात, म्हणजे नेमक्या सहलींच्या हंगामात, विहिरी तळ गाठतात. पाहुण्यांचा कचरा उचलायचा, त्यांच्यासाठी स्वच्छतागृहे बांधायची, वाळूत रुतलेल्या मोटारी बाहेर काढायच्या, हे सारे ग्रामपंचायतीने करायचे. वाळूत मोटार घालण्याचे हे खूळ तर कायद्याने मोडून काढावे असेच आहे. उलट पेट्रोलवरील आणि खोलीभाड्यावरील कर दिल्ली-मुंबईच्या तिजोरीत जमा होतो. घरपट्टी-पाणीपट्टीवर चालणाऱ्या पंचायतीने हा भार कशाच्या बळावर पेलावा? काही पंचायती वाहनामागे पावती फाडतात. त्यावर पर्यटक कुरकुरतात. हॉटेलात चहाला शंभर रुपये मोजताना मात्र ही कुरकुर ऐकू येत नाही.

सिंधुदुर्गाला १९९७ साली पर्यटन जिल्ह्याचा दर्जा मिळाला. असा दर्जा देताना किनाऱ्यावरील पंचायतींना पर्यटनकरातला निश्चित वाटा मिळावा, ही तरतूदही सोबत यायला हवी होती. अजूनही ती करता येईल. महामार्गाच्या खर्चातला एक अंश रस्त्यालगतच्या गावांच्या पाणीयोजनांसाठी, घनकचऱ्यासाठी आणि घरगुती निवास चालवणाऱ्यांच्या अल्पव्याजी कर्जांसाठी राखून ठेवला, तर तो एकूण आकड्यात डोळ्यांत भरणारही नाही. आणि रस्त्याची आखणी अंतिम करण्यापूर्वी तिचे नकाशे ग्रामसभांपुढे मराठीत ठेवावेत. कोणाची वाडी जाणार आणि कोणत्या गावाला फाटा मिळणार, हे गावकऱ्यांना जमिनीच्या दलालांआधी कळले पाहिजे.