सवयीलाही किरकोळ रजा असावी

उज्जैन म्हटले की आपल्याला महाकाल आठवतो, क्षिप्रा आठवते, कालिदास आठवतो आणि बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ आठवतो. पण २०२२ साली हे शहर भलत्याच कारणाने वर्तमानपत्रांत झळकले. कारण होते तिथल्या खासदारांचे वजन! त्या वर्षी फेब्रुवारी महिन्यात केंद्रीय मंत्री नितीन गडकरी रस्ते-प्रकल्पांच्या एका कार्यक्रमासाठी उज्जैनला गेले होते. तिथले खासदार अनिल फिरोजिया यांना त्यांनी भर सभेत सांगून टाकले, की तुम्ही वजन उतरवा, जितके किलो उतरवाल त्या प्रत्येक किलोमागे उज्जैनच्या विकासाला एक हजार कोटी रुपये देतो. स्वतःचे उदाहरणही त्यांनी दिले. एकेकाळी आपले वजन १३५ किलो होते, ते ९३ वर आणले, असे ते म्हणाले.

फिरोजियांनी ते मनावर घेतले. पहाटे उठणे, चालणे, योगासने, जेवणात कोशिंबीर, भाजी आणि एखादी पोळी, असा क्रम त्यांनी लावून घेतला. जूनपर्यंत १५ किलो आणि ऑक्टोबरपर्यंत ३२ किलो वजन उतरल्याचे त्यांनी जाहीर केले. मग मंत्रिमहोदयांची भेट झाली आणि सुमारे २३०० कोटींच्या कामांना मंजुरी मिळाल्याची बातमी आली. आता बत्तीस किलोंचे बत्तीस हजार कोटी व्हायला हवे होते, असा हिशेब माझ्यासारखा कारकून लगेच मांडणार. पण फायलीला वजनकाटा जोडायची पद्धत अजून तरी आपल्याकडे आलेली नाही. ते असो. एका माणसाची तब्येत सुधारली आणि गावाला रस्ते मिळाले, यात वाईट वाटण्यासारखे काहीच नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. तुमच्या-माझ्या किलोला हजार कोटी कोण देणार? आणि दिले तरी ते किती दिवस पुरणार?

प्रश्न चेष्टेचा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने देशभर एक मोठी पाहणी झाली होती. तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. एक लाख तेरा हजारांवर माणसे तपासली गेली होती. देशात मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के निघाले आणि सर्व राज्यांत पहिला क्रमांक आला आपल्या गोव्याचा, २६.४ टक्के! म्हणजे चार प्रौढ माणसे बसली असतील तर त्यांतला एक. आपल्या कार्यालयातील टेबले मोजून पाहा, म्हणजे आकडा किती जवळ आला आहे ते कळेल.

बरे, काय करायला हवे हे आपल्याला ठाऊक नाही असे नाही. चालावे, भात कमी घ्यावा, गोड आवरावे, वेळेवर झोपावे. हे सगळे पाठ आहे. पहिल्या जानेवारीला मिरामारच्या किनाऱ्यावर सकाळी किती गर्दी असते! नवे बूट, नव्या टोप्या. फेब्रुवारीत ती ओसरते आणि जूनच्या पहिल्या पावसात वाहून जाते. सुरुवात करायला आपण कुणाला ऐकणार नाही. आपण अडखळतो ते खाडा पडल्यावर.

खाडा म्हणजे चुकलेला दिवस. आपल्या गोव्याचे पंचांगच असे आहे, की खाडा पडायलाच हवा. चतुर्थीला नेवऱ्या आणि पातोळ्या आल्या. दिवाळीला पोह्यांचे पाच प्रकार आले. जत्रेहून कुणी खाजे आणले तर नको म्हणता येत नाही. मध्ये लग्ने, बारशी, पाहुणे, पोरांच्या परीक्षा, आईचे आजारपण. असा एक आठवडा गेला की माणूस स्वतःशीच म्हणतो, “गेले! आपल्याच्याने होणार नाही.” चालणे सुटण्याचे खरे कारण तो आठवडा नसतो. त्या आठवड्यानंतर मनात उच्चारलेले हे वाक्य असते.

या वाक्यात तथ्य नाही, हे सिद्ध झालेले आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एक नवी गोष्ट करायला लावून बारा आठवडे नोंदी ठेवल्या होत्या. सवय अंगवळणी पडायला मध्यमान ६६ दिवस लागतात, असे त्यांना दिसले. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. एकवीस दिवसांत सवय लागते हे जे आपण ऐकतो, ते मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या एका प्लॅस्टिक सर्जनच्या १९६० मधील पुस्तकावरून पसरलेले आहे. पण लॅलीबाईंच्या अभ्यासातील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट पुढेच आहे. एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्याच्या कामात फारसा फरक पडत नाही, असे त्यांना आढळले. म्हणजे शरीर खाड्याकडे दुर्लक्ष करते, आणि आपण मात्र त्याचा पंचनामा करत बसतो.

सरकारी नोकरीत असल्यामुळे मला यात एक गंमत दिसते. सरकार काही फार दयाळू मालक नव्हे. पण त्यालासुद्धा ठाऊक आहे, की माणूस तीनशे पासष्ट दिवस कामावर येऊ शकत नाही. म्हणून किरकोळ रजा आहे, अर्जित रजा आहे, आजारपणाची रजा आहे. रजेवर गेलेल्या माणसाचे टेबल दुसरा सांभाळतो, आणि तो परत आल्यावर त्याला नव्याने नोकरीला लागावे लागत नाही. व्यायामाच्या बाबतीत मात्र आपण एका गैरहजेरीत स्वतःला बडतर्फ करून मोकळे होतो!

पैशाच्या आमिषाने हे दुखणे बरे होते का? अमेरिकेत ५७ जणांवर १६ आठवड्यांचा एक प्रयोग झाला होता. तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. वजन उतरवल्याबद्दल ज्यांना पैसे मिळणार होते त्यांचे सरासरी सहा किलोंच्या आसपास उतरले. ज्यांना मिळणार नव्हते त्यांचे दोन किलोही नाही. पण सात महिन्यांच्या अखेरीस पुन्हा मोजले तेव्हा दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक उरला नव्हता. बक्षीस संपले आणि वजन बरेचसे परत आले. आमिष सुरुवात करून देते, पण ते आयुष्यभर सोबत चालत नाही.

सोबत चालण्याची गोष्ट पाहायची असेल तर पुन्हा उज्जैनलाच जायला हवे. त्या शहराशी आपले नाते जुने आहे. शिंद्यांची गादी ग्वाल्हेरला जाण्यापूर्वी उज्जैनला होती. मोडकळीला आलेले महाकालाचे देऊळ अठराव्या शतकात पुन्हा उभे केले ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी. नाव वाचून आपल्या वाचकांना निराळे काही सांगायला नको! त्याच उज्जैनला दर वर्षी पंचक्रोशी यात्रा निघते. तिकडच्या पंचांगाने वैशाख वद्य, म्हणजे आपल्या हिशेबाने चैत्र वद्य दशमीपासून अमावास्येपर्यंत. ११८ किलोमीटरांची वाट आणि तीही माळव्यातल्या ऐन उन्हाळ्यात. पिंगळेश्वर, करोहन, अंबोदिया, जैथल असे मुक्काम करत यात्रेकरू शहराला वळसा घालतात. चालणारे बहुतेक खेड्यापाड्यांतले असतात, आणि बायकांची संख्या मोठी असते. डोक्यावर शिध्याचे गाठोडे, मुक्कामाला गोवऱ्यांवर भाजलेली बाटी आणि वरण. कुणाच्या हाताला घड्याळ नाही आणि पावले मोजायचे यंत्रही नाही.

या यात्रेतली एक रीत फार विचार करण्यासारखी आहे. निघण्यापूर्वी यात्रेकरू शहरातल्या नागचंद्रेश्वराला नारळ वाहतात आणि देवाकडून ‘बळ’ मागून घेतात. वाट पूर्ण करून आल्यावर मातीचे घोडे वाहून ते बळ देवाला परत करतात. श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूला ठेवू. यात एक मोठी समजूत दडलेली आहे. बळ हे माझे खासगी नाही, ते उसने आणलेले आहे आणि माझे काम झाले की पुढच्यासाठी परत ठेवायचे आहे. आपण आधुनिक माणसे ‘इच्छाशक्ती’ हा शब्द वापरतो आणि ती प्रत्येकाने आपापल्या खिशात बाळगावी अशी अपेक्षा करतो. खिसा रिकामा झाला की लाजतो. माळव्यातला शेतकरी लाजत नाही. बळ मागून आणायचे असते, हे त्याला ठाऊक आहे.

आणि हे कळायला उज्जैनपर्यंत जायला हवे असेही नाही. वास्कोचा दामोदर सप्ताह आपण सर्वांनी पाहिला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साथीच्या दिवसांत जांबावलीच्या दामोदराचे श्रीफळ आणून तो सुरू झाला, असे सांगतात. चोवीस तास भजन अखंड चालते. पण अखंड म्हणजे काय? एकच माणूस चोवीस तास गात नाही. कुणालाही ते शक्य नाही. एक पथक थकले की दुसरे बसते, त्यांचा आवाज बसला की तिसरे. भजन अखंड राहते, कारण गाणाऱ्याला उठून जायची मुभा आहे. अखंडपणा माणसाचा नसतो, मंडळीचा असतो.

आता आपल्याकडच्या सकाळच्या फिरण्याच्या गटांकडे पाहा. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, माझ्याच वयाचे. साखर निघाल्यावर ते अशा एका गटात जाऊ लागले. चार महिने नियमाने गेले, साखरही खाली आली. मग चतुर्थी आली, घरी पाच दिवसांचा गणपती, पाहुणे, आणि पंधरा दिवसांचा खाडा पडला. परत गेले तेव्हा गटातल्यांनी त्यांचे पोट चाचपून पाहिले. “नेवऱ्या कितीशा झाल्या?” असे विचारून सर्वांसमोर वजनकाट्यावर उभे केले. सगळे हसले, तेही हसले. दुसऱ्या दिवसापासून गेले नाहीत. हळूहळू औषधेही वेळेवर घेईनासे झाले. पुढच्या पावसाळ्यात पायाला जखम झाली, ती चिघळली आणि एक बोट काढावे लागले. “चालायला सांगणारे खूप होते, पण घरी येऊन हाक मारणारा एकही नव्हता,” हे त्यांनी मला इस्पितळात सांगितले. गटातली माणसे दुष्ट होती असे मी म्हणत नाही. थट्टा हे उत्तेजन आहे, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत होते.

म्हणून नुसता गट काढला की झाले, असे समजू नये. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १००७ माणसांवर असा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांचे शेजारगट केले, त्यांच्यातलेच कुणी पुढारी झाले आणि वर्षभर बैठका झाल्या. फळे-भाज्या खाणे वाढले, पिणे कमी झाले. पण दोन वर्षांनी मधुमेह झालेल्यांचे प्रमाण गटांत १४.९ टक्के आणि इतरांत १७.१ टक्के होते, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरण्याइतका नव्हता. सोबत ही जादू नाही. ती औषधाची जागा घेत नाही, डॉक्टरांचीही नाही. पण सोबत नसती तर त्या भाज्याही आल्या नसत्या, हेही विसरू नये.

मग गट कसा असावा? माझे मत सरळ आहे. त्याने किलो मोजू नयेत, हजेरी मोजावी. खाडा नोंदवावा, पण त्याला दंड नको आणि थट्टाही नको. ज्याला सणासाठी, पाहुण्यांसाठी थांबायचे आहे त्याने आधी सांगून जावे, म्हणजे ती पळवाट न राहता रजा होते. न सांगता दोन दिवस कुणी दिसला नाही, तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्याच्या घरावरून जावे. परत आलेल्याला पहिल्या दिवशी पाच किलोमीटर ओढू नये, पंधरा मिनिटे पुरे. पाऊस लागला तर देवळाच्या सभामंडपात फेऱ्या घालाव्यात, पण भेटण्याची वेळ मोडू नये. आणि वेळ ठरवताना घरातल्या बायकांना विचारावे. पहाटे साडेपाचला पुरुष चालायला जातात तेव्हा त्या डबे भरत असतात. त्यांचा मधुमेह काही कमी दर्जाचा नाही. संध्याकाळी सातचा गट काढला तर त्या येतील, कदाचित पुरुषांपेक्षा जास्त टिकतील. ज्यांना पायाला जखम आहे, गुडघे दुखतात, इन्सुलिन चालू आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, आणि हे विचारायची आठवण करणे हेसुद्धा सोबत्याचेच काम.

काहीजण म्हणतील, एवढी सूट दिली तर शिस्त कुठे राहिली? मला वाटते, शिस्तीचा अर्थच आपण उलटा लावला आहे. कधीही न चुकणारा माणूस शिस्तीचा असे आपण मानतो. असा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. चुकल्यावर लवकर परतणारा माणूस मात्र पुष्कळदा भेटतो, आणि चौकशी केली तर त्याच्यामागे बहुधा कुणीतरी हाक मारणारे असते. बायको असते, शेजारी असतो, भजनातला सोबती असतो.

तेव्हा वाचकहो, नवा संकल्प सोडण्याची घाई करू नका. आपल्याबरोबर चालणारा कोण गेले काही दिवस दिसला नाही, ते आठवून पाहा. उद्या सकाळी त्याच्या घरावरून जा. का आला नाहीस, असे विचारू नका. “चल” एवढेच म्हणा.