स्वतःचा घोडा, स्वतःची पत

माझी भाची गेल्या वर्षी नोकरी सोडून मोकळी झाली. 'मोकळी झाली' हे शब्द तिच्या आईचे. आणि ते उच्चारताना माझ्या बहिणीच्या चेहऱ्यावर जे उमटते, त्याला कोणी मोकळेपणा म्हणणार नाही. भाची दादरला राहते आणि अक्षरांची कामे करते. पुस्तकांची मुखपृष्ठे, दुकानांची नावे, चहाच्या पुड्यावरचे अक्षर, असे काहीबाही. परवा आली आणि म्हणाली, "मामा, तू लेखक आहेस ना, मग माझ्याबद्दल तीन ओळी लिहून दे. पर्सनल ब्रँडसाठी हव्यात."

मी कागद पुढे ओढला आणि लिहिले, 'अक्षरे काढते. चांगली काढते.' तिसरी ओळ सुचेना.

"असं नाही रे," ती म्हणाली. "मी काय करते ते नंतर. आधी मी कोण आहे ते लोकांना कळायला हवं."

आमचे वाजले ते इथेच. कोण आधी आणि काय नंतर, हा क्रम मला काही पटेना. शेवटी चहा थंड झाला आणि तीन ओळी तशाच राहिल्या.

ती स्वतःला फ्रीलान्सर म्हणवते. हा शब्द वॉल्टर स्कॉटच्या १८१९ सालच्या 'आयव्हॅन्हो' या कादंबरीने रूढ केला. आपला भाला घेऊन हिंडणारा, जो पैसे देईल त्याच्याकडून लढणारा स्वार, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे यासाठी त्याहून जुना आणि नेमका शब्द आहे, तो म्हणजे शिलेदार. घोडा स्वतःचा, हत्यार स्वतःचे, तो शिलेदार. आणि ज्याला घोडा सरकारातून मिळे तो बारगीर. मी सदतीस वर्षे बारगीर होतो. घोडा बँकेचा, चारा बँकेचा, आणि आता घरी बसल्यावरही महिन्याच्या महिन्याला थोडा चारा येतोच. तेव्हा शिलेदारांना उपदेश करण्याचा मला फारसा अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. मात्र शिलेदारांचे कर्जाचे अर्ज मी पुष्कळ पाहिले आहेत.

माणसाने स्वतःलाच ब्रँड समजावे, ही कल्पना टॉम पीटर्स या अमेरिकी लेखकाने १९९७ साली एका लेखात मांडली आणि ती जगभर पसरली. ब्रँड म्हणजे मुळात जनावराच्या अंगावर तापल्या लोखंडाने उठवलेला डाग. हा डाग आपल्या इतिहासातही आहे. अकबराच्या लष्करात घोडे डागण्याची पद्धत होती, कारण हजेरीच्या दिवशी मनसबदार इकडून तिकडून मागून आणलेली तट्टे उभी करत. यातली गंमत अशी, की डाग घोडेवाल्याने मारायचा नव्हता. तो सरकारी माणसाने, घोडा पारखून, मारायचा. भाचीला मी हे सांगितले तेव्हा ती हसली. पण माझे तिच्याशी असलेले भांडण नेमके एवढेच आहे. आपला डाग आपणच मारून घेता येतो का?

मी गिरगावातल्या चाळीत वाढलो. आमच्याकडे याला 'नाव' म्हणत. दिवाळी जवळ आली की कोणाकडे तरी दिवाळी अंक येई आणि तो बिऱ्हाडाबिऱ्हाडांतून फिरून कोपरे दुमडून परत जाई. मुखपृष्ठावरची बाई पाहून आम्ही पोरे पैज लावत असू, दलाल की मुळगावकर? मग खाली सही शोधायची. दोघेही मूळचे गोव्याचे. दीनानाथ दलालांचा जन्म १९१६ चा, रघुवीर मुळगावकरांचा १९१८ चा. दोघेही जाहिराती, कॅलेंडरे, मुखपृष्ठे करून पोट भरणारे. भिंतीवरच्या चौकटीत बसणाऱ्या थोर चित्रकारांच्या पंगतीत त्या काळी त्यांना कोणी सहज बसवत नसे. पण ज्या घरात कधी चित्र विकत आणले गेले नाही, त्या घरातल्या दहा वर्षांच्या पोराला त्यांची सही ठाऊक होती. मुळगावकरांनी रंगवलेले देव तर देवघराशेजारीच लागत. दलालांनी पुढची पायरीही चढली. १९४५ साली त्यांनी स्वतःचा 'दीपावली' अंक काढला. शिलेदाराने घोड्याबरोबर पागाही बांधली, असे म्हणा ना. दुसऱ्याच्या अंकाला चित्र देणारा माणूस त्या दिवसापासून दुसऱ्यांकडून लेखन मागणारा झाला. नुसते नाव आणि नावामागे उभी केलेली व्यवस्था, यांत फरक असतो तो हा.

बाबूराव अर्नाळकरांचे नाव तर त्यांचे स्वतःचेही नव्हते. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे खरे नाव. पण झुंजार आणि काळापहाड वाचणाऱ्या लाखोंना चव्हाण कोण याची गरजच पडली नाही. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्यावर टोपणनावही चामडीला चिकटते. मी स्वतः अकरा कादंबऱ्या लिहिल्या आणि माझे खरे नावही अजून पुरते चिकटलेले नाही, हे जाता जाता.

आणि हसतमुख असण्याचा तर नावाशी काडीचा संबंध नाही. खोताच्या वाडीतले 'अनंताश्रम' ज्यांनी पाहिले आहे, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. तिथे गिऱ्हाईकाचे स्वागत वगैरे भानगड नव्हती. बसा, गुपचूप जेवा, उठा. तरी माशासाठी लोक रांग लावत. आता ते बंद झाले, आणि त्याच्या तुसडेपणाच्या आठवणी लोक प्रेमाने सांगतात.

लालबाग-परळच्या मूर्तिकारांचे पाहा. विजय खातू हे नाव उच्चारले की मंडळांच्या कार्यकर्त्यांच्या डोळ्यांसमोर अमुक उंची, अमुक डोळे उभे राहत. जुलै २०१७ मध्ये ते अचानक गेले. त्या वर्षी गणेश चतुर्थी २५ ऑगस्टला होती, आणि कारखान्यात मूर्ती अर्ध्यावर. त्यांची मुलगी रेश्मा पुढे आली आणि कारागिरांना घेऊन तिने काम पुरे केले. मला यात ब्रँडपेक्षा ते कारागीर मोठे वाटतात. मातीचा हात ज्यांचा होता, त्यांची नावे कोणत्याच मंडपावर नव्हती. पण ते नसते तर एका माणसाचे नाव त्या महिन्यात त्याच्याबरोबरच गेले असते.

हाच धडा गिरणगावातल्या खानावळवाल्यांनी फार आधी शिकवला होता. दहा बाय दहाच्या खोलीत वीस-पंचवीस गिरणी कामगारांचे जेवण रांधणाऱ्या त्या बायका म्हणजे खरोखरच्या शिलेदारणी. चूल स्वतःची, हात स्वतःचे. पगाराला पैसे मिळत, तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज. हिच्या हातची आमटी चांगली, तिची भाकरी पातळ, असे प्रत्येकीचे नाव चाळीचाळीत झालेले. पण बँकेच्या लेखी त्यांची पत शून्य. तारण काय? भांडी. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, तेव्हा सुरुवातीला चौदा जणी होत्या. त्यांनी एकमेकींना जामीन राहून राष्ट्रीयीकृत बँकेतून कर्ज मिळवले. बँकांचे राष्ट्रीयीकरण १९६९ चे, चार टक्के व्याजाची योजना १९७२ ची. सरकारी कागदावर सगळे होते, पण त्या कागदापर्यंत एकट्या बाईचा हात पोहोचत नव्हता. चौदा जणींचा पोहोचला. एकटीच्या नावाला जी किंमत नव्हती ती चौदा नावांना एकत्र आली.

मी बँकेत लागलो ते १९८२ साली. त्याच वर्षी १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. खानावळींच्या वह्यांतली उधारी वह्यांतच राहिली. कामगार गावी गेले. त्या बायकांच्या हातची चव काही बिघडली नव्हती, नावालाही बट्टा लागला नव्हता. ज्यांच्यात ते नाव होते ती माणसेच उठून गेली होती. पर्सनल ब्रँडवर बोलणाऱ्या तज्ज्ञांना मी हे एकदा विचारणार आहे. मंडळ असलेल्या बायकांना निदान एकमेकींचा खांदा होता. डबे, कँटीन, पोळी-भाजी अशी वाट काढता येत होती.

भाचीची सध्याची अडचण याच जातीची आहे. एका गिऱ्हाइकाने तिच्या कामाचे चारचौघांत तोंडभर कौतुक केले. ते कौतुक कित्येक हजार लोकांनी वाचले. पैसे मात्र चार महिने झाले, आलेले नाहीत. मी विचारले, लेखी करार? नाही. आगाऊ रक्कम? "मागायला कसंतरी वाटतं." लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यात पुरवठादाराचे पैसे करार असेल तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत आणि नसेल तर पंधरा दिवसांत द्यायचे आहेत, उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजासह. सेवा देणारेही त्यात येतात. पण त्यासाठी उद्यम नोंदणी हवी, आणि ती हिने केलेली नव्हती. फोटो काढून घेतले होते, तेही चांगल्या छायाचित्रकाराकडून. त्याचे पैसे तिने रोख दिले होते.

मी तिला रागावलो नाही. रागावण्याचा अधिकार मी १९८६ साली घालवून बसलो आहे.

त्या वेळी मी गिरगावातल्या शाखेत होतो. एक पेंटर कर्जासाठी आला. पाट्या रंगवणारा. सकाळी शिडी, संध्याकाळी ब्रशचे डबे, बोटांच्या पेरांत कायमचा लाल रंग. त्याला छोटा गाळा भाड्याने घ्यायचा होता, अनामत हवी होती. मी नियमाप्रमाणे विचारले, पगारपत्रक? नाही. ताळेबंद? नाही. आयकर विवरण? तो हसला. मग धंद्याचा पुरावा काय?

तो म्हणाला, "साहेब, माझ्याबरोबर चला. चिराबाजारपासून प्रार्थना समाजापर्यंत दोन्ही बाजूंनी चालू. पाटीच्या उजव्या कोपऱ्यात खाली माझी सही आहे. मोजा. आणि आत जाऊन दुकानदाराला विचारा, पाटी रंगवायला किती दिवस सांगितले होते आणि किती लागले."

याहून चांगले पतपत्र मी पुढे नोकरीभर पाहिले नाही. मी अर्जावर लिहिले, 'उत्पन्नाचा पुरावा सादर न केल्यामुळे नामंजूर.' अक्षर चांगले आले होते, हे आठवते. पुढे फ्लेक्सचे फलक आले, रात्रीत छापून मिळू लागले, आणि पाट्या रंगवणारे पाहता पाहता दिसेनासे झाले. तो गाळा मिळता तर तो तरला असता की नाही, हे मला सांगता येणार नाही. चार पोरे हाताशी घेऊन काहीतरी केले असते, असे कधीकधी वाटते.

ही गोष्ट मी भाचीला परवापर्यंत सांगितली नव्हती. सांगितल्यावर ती काही बोलली नाही. रविवारी सकाळी आली आणि म्हणाली, "चल." आम्ही चिराबाजारपासून निघालो. मेट्रोच्या कामात काही जुन्या इमारती गेल्या. ऑक्टोबर २०२५ पासून गिरगावचे भुयारी स्थानक सुरू झाले आहे आणि रस्त्याने चालणारा जुना माणूस मध्येच थबकतो, की इथे काय होते. बहुतेक पाट्या प्लास्टिकच्या. ठाकूरद्वार मागे पडले. एका बंद दुकानाच्या शटरवर, अर्ध्या उखडलेल्या फलकाखाली, जुनी लाकडी पाटी निघाली. 'र' ची ती गाठ मी ओळखली. उजव्या कोपऱ्यात सहीची पहिली दोन अक्षरे शिल्लक होती.

भाची बराच वेळ खाली वाकून पाहत राहिली. ब्रश कुठे टेकला, कुठे उचलला, ते बोटाने हवेत गिरवत होती. मग वळून म्हणाली, "मामा, तेव्हा का नाही गेलास त्यांच्याबरोबर? शाखा लांब होती?"

शाखा तिथून चालत सात मिनिटांवर होती. तेही मी तिला सांगितले.