देऊळ झाले, दवाखाना राहिला

मंगरूळचा केशा गुरे राखणारा पोरगा. त्याची करडी नावाची गाय हरवते. शोधता शोधता तो औदुंबराखाली झोपी जातो, स्वप्नात दत्त पाहतो आणि गावभर ओरडत सुटतो. पत्रकार बातमी छापतो, रिकामटेकडी पोरे देवळाचा हट्ट धरतात, पुढारी भाऊ राजकीय फायदा पाहून मान डोलावतात. बघता बघता हार-नारळांची दुकाने लागतात. अण्णांनी आखलेला दवाखाना मात्र कागदावरच राहतो. उमेश कुलकर्णी दिग्दर्शित, गिरीश कुलकर्णी लिखित ‘देऊळ’ या 2011 सालच्या चित्रपटाची ही कथा.

चित्रपटाने श्रद्धेचा बाजार उघडा पाडला, याबद्दल आम्ही त्याचे अभिनंदनच करू. शेवटी केशा मूर्ती उचलून नदीत सोडतो, तर गाव दुसरी मूर्ती आणून बसवते! मूर्ती गेली तरी धंदा बुडत नाही, हे सत्य यापेक्षा नेमके कसे सांगणार?

पण चित्रपटाचे बोट बाजाराकडे आहे. केशाच्या स्वप्नाला तो हात लावत नाही. देव चांगला, दुकानदार वाईट, एवढ्यावर प्रेक्षक हसून मोकळा होतो. फुले-आंबेडकरी चळवळीला तिथे थांबता येत नाही. महात्मा फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’त अवतारकथांचीच चिरफाड केली. दत्त हे ब्रह्मा, विष्णू, महेश यांचेच एकरूप मानले जाते. आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांतली पहिलीच प्रतिज्ञा या तिघांना देव न मानण्याची आहे. बाबासाहेबांनी दुकानावरच नव्हे, मालावरही प्रश्न उभा केला.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला. त्यानंतरच जादूटोणाविरोधी कायदा आला. हा कायदा भोंदूला पकडू शकतो. दवाखान्याऐवजी देऊळ बांधणाऱ्या गावाला तो कसा पकडणार?

दवाखाना नसला म्हणून भाऊंचे काही अडत नाही. त्यांच्या दारात गाडी उभी असते. अडते ते गावकुसाबाहेरच्या वस्तीचे, भूमिहीन मजुराचे, अपरात्री कळा सुरू झालेल्या बाईचे. देवळाची किंमत तिने मोजलेली असते. गाडगेबाबा हे ओळखून होते. म्हणूनच त्यांनी लोकवर्गणीतून देवळे नव्हे, तर धर्मशाळा उभारल्या, आणि कीर्तनातून मुलांना शाळेत घालायला सांगितले.

आता थोडे स्वतःकडेही पाहू. जयंतीच्या वर्गणीतला किती पैसा डीजे आणि पुढाऱ्यांच्या फ्लेक्सवर जातो? विहाराला संगमरवरी फरशी बसते, पण आत अभ्यासिका असते का? बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढे नवस बोलला जात असेल, तर आपल्याही वस्तीत एक मंगरूळ उभे राहते आहे.

बांधवांनो, 73व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत स्थान दिले, पंचायतीत आपल्याला राखीव जागा दिल्या. त्या सभेला जा. देवळाचा विषय निघेल तेव्हा गप्प बसू नका. उठून एकच विचारा, दवाखान्याचे काय झाले? उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.