निवृत्तीनंतरचा शेजार

शाल, श्रीफळ आणि चार गौरवपर भाषणे, एवढ्यावर निवृत्त माणसाची बोळवण करण्याचा आपला रिवाज आहे. दुसऱ्या दिवसापासून त्याच्याशी बोलावयास कोण उरते, याची विचारपूस कोणी करीत नाही. हा प्रश्न वरकरणी घरगुती आहे. परंतु पालघर-बोईसर भागात तो सार्वजनिक झाला आहे, म्हणून आज आम्ही त्यास पहिल्या पानावर स्थान देत आहोत.

तारापूरच्या अणुवीज केंद्राने १९६९ साली वीज देण्यास आरंभ केला. शेजारी कारखान्यांची वसाहत वाढली. दूरदूरच्या प्रांतांतून माणसे येथे आली. केंद्रातील नोकरदारांस नोकरीबरोबर घर मिळाले आणि घराबरोबर शेजार मिळाला. परंतु नोकरीबरोबर जे आले, ते नोकरीबरोबरच जाते. निवासस्थान रिकामे करताना तीस वर्षांचा शेजार एका दिवसात तुटतो. हजेरीपटावर जिचे नाव कधीच नव्हते, ती गृहिणीही त्याच दिवशी आपल्या मैत्रिणींस मुकते. तिला तर शालही नाही. पालघरची तऱ्हा थोडी निराळी. मुंबईच्या नोकरीसाठी ज्यांची हयात आगगाडीत गेली, त्यांना डब्यातील सोबती ठाऊक असतात. स्वतःच्या आळीतील माणसे ठाऊक नसतात.

पैशाची तरतूद आपण तरुणपणी सुरू करतो आणि माणसांची तरतूद मात्र साठीनंतर करू म्हणतो. आमच्या मते ही मोठी चूक होय. भविष्यनिर्वाह निधीप्रमाणे स्नेहही दरमहा थोडाथोडा साठवावा लागतो. त्यासाठी नोकरीत असतानाच वसाहतीच्या फाटकाबाहेर पडले पाहिजे. तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्ट्यांपायी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांस आपली वस्ती सोडावी लागली. शेजार तुटणे म्हणजे काय, हे त्या ग्रामस्थांस कोणी सांगावयास नको. तेथील मुलांस अभियंत्याने गणित शिकविले, तर तो उपकार नव्हे, परतफेड ठरेल.

व्यवस्थापनांचेही काही कर्तव्य आहे. सुरक्षेचे नियम आम्ही जाणतो. तरीही वसाहतीतील वाचनालयाचे व सभागृहाचे दार निवृत्त दांपत्यांस ओळखपत्रावर खुले ठेवणे अशक्य नाही. पालघर नगरपरिषदेने आणि बोईसरच्या कारभाऱ्यांनी वृद्धांस पायी पोहोचता येईल अशी बसावयाची जागा प्रत्येक वस्तीत राखावी. आणि ज्यांची निवृत्ती दोन-तीन वर्षांवर आली आहे, त्यांनी निरोपसमारंभाची वाट न पाहता येत्या रविवारीच शेजारच्या गावातील शाळेत किंवा ग्रंथालयात जाऊन आपले नाव सांगावे.